दंडाधिकाऱ्याचा पहिला प्रश्न

राज्यघटना दिल्लीत लिहिली गेली. परंतु तिची खरी कसोटी दररोज जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या न्यायालयात लागत असते. सर्वोच्च न्यायालयातील युक्तिवादांच्या बातम्या वृत्तपत्रे ठळक मथळ्यांनी छापतात. कनिष्ठ न्यायालयात पोलिसांच्या गाडीतून उतरविलेल्या चार-सहा माणसांचे त्या दिवशी काय झाले, याची मात्र कोणी दखल घेत नाही. वस्तुतः ज्याला आदल्या रात्री घरातून उचलून नेले आहे, त्याच्या दृष्टीने मूलभूत हक्क, कायद्याचे राज्य, नागरिकत्व हे सारे त्या दालनातील काही मिनिटांत एक तर असते किंवा नसते. तेथे ते नसेल तर दिल्लीच्या निकालपत्रांत ते कितीही भरघोस असले तरी त्याला त्याचा उपयोग नाही.

वर्धा शहराच्या वेशीला भिडलेल्या बोरगाव मेघे या गावाचा विचार करावा. बोरगाव मेघे, सिंदी मेघे, पिपरी मेघे यांसारख्या गावांना शहराच्या वाढीने केव्हाच कवेत घेतले आहे. रोजमजुरीवर, बांधकामांवर, हमालीवर आणि धुण्याभांड्यांच्या कामांवर जगणारी कुटुंबे अशाच वस्त्यांतून राहतात. वर्ध्याचे न्यायालय येथून सायकलीने सहज गाठता येते. नागपूरच्या खंडपीठाचे दार दूर आहे, दिल्लीचे तर कल्पनेपलीकडचे. परंतु दंडाधिकाऱ्याचे न्यायालय हाकेच्या अंतरावर आहे. आणि तरीही ते जवळचे वाटत नाही. ते अंतर मैलांचे नाही.

समजा, अशा वस्तीतला एखादा मजूर चोरीच्या संशयावरून पकडला गेला. दुसऱ्या दिवशी त्याला न्यायालयात आणले जाते. शिपाई पुकारा करतो, पोलिसांचा रिमांडचा अर्ज पुढे सरकतो, सरकारी अभियोक्ता दोन वाक्ये बोलतो, कागदावर सही होते, आणि तो मनुष्य पोलीस कोठडीत अथवा कारागृहात रवाना होतो. त्याला कोणी काही विचारलेले नसते; त्याला कोणी काही सांगितलेलेही नसते. आवारातल्या झाडाखाली उभी असलेली त्याची बायको पुढची पेशी कधी, एवढेच हवालदाराला विचारते. हा देखावा एकट्या एका गावचा नव्हे. देशातील असंख्य फौजदारी न्यायालयांत तो इतका नित्याचा झाला आहे की त्यात काही चुकते आहे, असे कोणाला वाटेनासे झाले आहे. नेमके हेच सर्वांत भयंकर आहे.

कर्तव्य कशासाठी?

अटक केलेल्या कोणत्याही इसमास, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केले पाहिजे, असा दंडक राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने घालून दिला आहे. हा दंडक घटनाकारांनी शोभेसाठी घातलेला नाही. ज्यांनी तो घातला त्यांच्यापैकी अनेकांनी परकीय सत्तेच्या कोठड्या पाहिल्या होत्या. त्या काळी जिल्ह्याचा कलेक्टर हाच महसूल गोळा करी, पोलिसांवर देखरेख ठेवी आणि दंडाधिकारी म्हणून शिक्षाही ठोठावी. पकडणारा आणि पारखणारा एकच असल्यावर निकाल काय लागणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको होता. म्हणूनच राष्ट्रीय सभेने आपल्या स्थापनेनंतरच्या पहिल्या काही वर्षांतच कार्यकारी आणि न्यायिक अधिकार वेगळे करण्याची मागणी केली, म्हणूनच घटनेत ५० वा अनुच्छेद आला, आणि १ एप्रिल १९७४ पासून अमलात आलेल्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने न्यायिक दंडाधिकारी सर्व देशभर उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाखाली आणला.

या दीर्घ झगड्याचे सार एका वाक्यात सांगता येते: दंडाधिकारी हा पोलिसांचा सहकारी नाही; पोलीस आणि नागरिक यांच्या मध्ये उभा केलेला तो पहिला निःपक्षपाती माणूस आहे. त्याच्या हाती मोठी शिक्षा देण्याचा अधिकार नाही. नव्या संहितेतही प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यास तीन वर्षांपेक्षा अधिक कारावास देता येत नाही. परंतु एका बाबतीत त्याचा अधिकार फार मोठा आहे. माणूस दोषी आहे की निर्दोष, हे ठरण्याच्या कितीतरी आधी तो घरी जाणार की गजाआड, हे पहिल्यांदा दंडाधिकारी ठरवतो.

म्हणून त्याचे पहिले कर्तव्य निकाल देण्याचे नसून प्रश्न विचारण्याचे आहे. तुला केव्हा पकडले? का पकडले, हे तुला समजेल अशा भाषेत सांगितले का? तुझ्या घरी कळविले का? मारहाण झाली का? वकील आहे का? नसेल तर सरकारी खर्चाने मिळतो, हे तुला ठाऊक आहे का? आणि पोलीस अधिकाऱ्यास: याला कोठडीतच ठेवण्याची गरज काय? हे सहा-सात प्रश्न विचारण्यास पाच मिनिटे पुरतात. देशातील सर्व मोठमोठ्या न्यायनिर्णयांचा अर्क या पाच मिनिटांत आहे.

न विचारलेल्या प्रश्नांची किंमत

हे प्रश्न न विचारले गेल्यास काय होते, याचा इतिहास न्यायालयांच्याच दप्तरात नोंदलेला आहे. नोव्हेंबर १९६८ मध्ये समाजवादी नेते आणि संसद सदस्य मधू लिमये यांना बिहारमधील लखीसराय स्थानकावर पकडण्यात आले. अटकेची कारणे सांगण्यात आली नव्हती. दंडाधिकाऱ्यापुढे हजर केल्यावर कोठडीचे आदेश मात्र एकामागून एक निघत गेले. लिमये यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली आणि न्यायालयाने त्यांना मुक्त केले. मूळ अटकच घटनाबाह्य असेल, तर दंडाधिकाऱ्याने साचेबंदपणे दिलेल्या रिमांडच्या आदेशाने तो दोष धुऊन निघत नाही, असे न्यायालयाने ठरविले. लिमये हे संसदपटू होते, कायद्याचे जाणकार होते, स्वतःची बाजू स्वतः मांडू शकत होते. त्यांच्या बाबतीत जे यांत्रिकपणे घडले, ते निरक्षर हमालाच्या बाबतीत किती सहज घडत असेल?

त्याचे उत्तर त्याच बिहारने बारा वर्षांनी दिले. १९७९-८० मध्ये भागलपूर येथे पोलिसांनी तीसहून अधिक कैद्यांचे डोळे फोडून त्यांत ॲसिड घातले. हे क्रौर्य सर्वांना ठाऊक आहे. त्याहून कमी ठाऊक आहे ती गोष्ट अशी, की या माणसांच्या कोठडीचे कागद न्यायालयांतून फिरतच होते. कित्येकांना दंडाधिकाऱ्यापुढे प्रत्यक्ष उभे न करताच रिमांड वाढविले गेले. वकील का दिले नाहीत, या प्रश्नावर उत्तर आले की त्यांनी मागितले नाहीत! सर्वोच्च न्यायालयाने यावर स्पष्ट बजावले की वकील मिळण्याचा हक्क पहिल्या हजेरीच्या क्षणापासूनचा आहे, तो मागावा लागत नाही, त्याची माहिती देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. एखाद्या दंडाधिकाऱ्याने त्या माणसांना समोर उभे करवून नुसते त्यांच्या तोंडाकडे पाहिले असते, तरी ते प्रकरण पहिल्या दिवशीच उघडकीस आले असते.

महाराष्ट्राने यात अभिमान बाळगावा असे काही नाही. मुंबईच्या कारागृहातील स्त्री कैद्यांच्या हालांविषयी पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले आणि १९८३ साली त्यावर निर्णय झाला. अटकेतील व्यक्तीस पोलिसांकडून छळ झाल्याची तक्रार आहे काय, हे दंडाधिकाऱ्याने स्वतः विचारावे आणि वैद्यकीय तपासणीचा तिला हक्क आहे हे सांगावे, असा आदेश देशाला मिळाला तो महाराष्ट्रातील या प्रकरणातून. त्यानंतर १९९६ मध्ये डी. के. बसू प्रकरणात अटकेची नियमावली आली. २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात, सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत कारणे न नोंदविता कोठडी मंजूर करणाऱ्या दंडाधिकाऱ्यावर खात्यांतर्गत कारवाई होईल, असा इशारा देण्यात आला. २०२५ च्या फेब्रुवारीत विहान कुमार प्रकरणात पुन्हा सांगावे लागले की अटकेची कारणे कळविली गेली आहेत की नाहीत, याची खातरजमा दंडाधिकाऱ्याने केलीच पाहिजे.

लिमये प्रकरणात जे सांगितले तेच २०२५ साली सांगावे लागते, याचा अर्थ काय? आदेश अपुरे आहेत असा तर नक्कीच नाही. आदेश वरून निघतो आणि खालच्या न्यायालयाच्या पायरीशी येऊन थांबतो. वरच्या न्यायालयाचा उदारपणा हा समाजातील वरच्या थराच्या समाधानासाठी आणि खालच्या न्यायालयाची घाई ही खालच्या थराच्या वाट्यासाठी, अशी ही वाटणी झाली आहे. या वाटणीला वर्गीय म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

सातबारा नसलेल्याचा जामीन

ही वाटणी सर्वांत उघडी पडते ती जामिनाच्या टेबलावर. कायदा सांगतो की जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे. व्यवहार विचारतो की जामीनदार कोठे आहे, त्याचा सातबारा कोठे आहे, तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला कोठे आहे. ज्याच्याजवळ शेत आहे, पक्के घर आहे, त्याचा नातेवाईक संध्याकाळपर्यंत कागद घेऊन उभा राहतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचे सगळे सगेसोयरेही भाड्याच्याच खोल्यांत राहतात. त्यांची ऐपत कोण दाखविणार? मग कोठे उसनवारी होते, कोठे पैसे घेऊन उभे राहणारे जामीनदार शोधले जातात, आणि हे काहीच जमले नाही तर ज्या अपराधासाठी कदाचित दंडावर सुटका झाली असती, त्यासाठी माणूस महिनोन्‌महिने तुरुंगात कुजतो.

१९७८ साली मध्य प्रदेशातील मोतीराम या गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. जामिनाचा आदेश झाला होता. परंतु दंडाधिकाऱ्याने दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला, आणि भाऊ पुढे आला तेव्हा तो दुसऱ्या जिल्ह्याचा आहे म्हणून त्याला नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही अट मोडीत काढून एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडण्यास सांगितले. पुढे संहितेतच दुरुस्ती झाली. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून एका आठवड्यात जामीनदार देऊ न शकणारा इसम निर्धन आहे असे मानावे आणि त्यास जातमुचलक्यावर मोकळे करावे, असे २००६ पासून कायदा सांगतो. २०२४ च्या १ जुलैपासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. कायदा असा असताना २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांतील शंभरांपैकी जवळजवळ शहात्तर बंदी खटल्याचा निकाल न लागलेले कच्चे कैदी होते, असे सरकारचीच आकडेवारी सांगते. हे सारे भयानक गुन्हेगार आहेत, असे कोणी मानत असेल तर त्याने कारागृहाच्या दारात भेटीसाठी रांगेत उभ्या असलेल्या कुटुंबांच्या पायांतील चपला एकदा पाहून याव्यात.

गांधींच्या जिल्ह्यात तरी एक आठवण विसरली जाऊ नये. १८ एप्रिल १९१७ रोजी मोतिहारी येथे सरकारी हुकूम मोडल्याबद्दल गांधी दंडाधिकाऱ्यापुढे उभे होते. निकाल लांबणीवर टाकताना जामिनाची गोष्ट निघाली. गांधींनी जामीन देण्यास नकार दिला. आणि तरीही त्यांना मोकळे राहू देण्यात आले. परकीय साम्राज्याचा तो एक दुय्यम अधिकारी होता. जामिनाशिवाय माणूस पळून जाणार नाही, एवढा विश्वास तो दाखवू शकला. स्वतंत्र भारताच्या न्यायालयाने बोरगाव मेघेच्या मजुरावर, ज्याचे घर, मुले, रोजी सारे काही याच गावात आहे, तेवढाही विश्वास ठेवू नये काय?

दारूबंदी आणि दप्तराचे ओझे

वर्धा जिल्ह्याच्या न्यायालयांपुढे आणखी एक खास ओझे आहे. १९७४ पासून हा जिल्हा दारूबंदीचा आहे. दारूबंदीच्या मागणीमागे स्त्रियांचे अश्रू आहेत आणि मजुरीचे पैसे गुत्त्यात जाऊ नयेत ही कष्टकरी कुटुंबांची तळमळ आहे. तिची टवाळी करण्याचा अधिकार कोणालाही नाही. प्रश्न निराळाच आहे: बंदीच्या अंमलबजावणीचा वरवंटा कोणावर फिरतो?

न्यायालयात येतो तो बहुधा काही लिटर मोहाची दारू बाळगणारा, हातभट्टीवर सापडलेला, पिऊन रस्त्यात पडलेला माणूस. छापे पडतात ते पारधी बेड्यांवर आणि झोपडपट्ट्यांवर; सडवा ओतला जातो, पंचनामा होतो, छायाचित्र छापून येते. जिल्ह्याच्या सीमेपलीकडून गाड्या भरून विदेशी मद्य येते, त्यामागचे भांडवल आणि त्याला मिळणारे संरक्षण मात्र क्वचितच पिंजऱ्यात उभे राहते. १९५२ साली गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. परंतु तो कायदा रद्द झाल्याचे छापा घालणाऱ्याच्या नजरेला अद्याप कोणी कळविलेले नाही.

आणि न्यायालयात काय होते? नमुना रासायनिक विश्लेषकाकडे जातो, अहवालाची वाट पाहण्यात तारखा जातात, पंच फितूर होतात, वर्षे लोटतात. प्रत्येक पेशीला एक दिवसाची मजुरी बुडते. एखादी तारीख चुकली की पकड वॉरंट निघते. अखेरीस आरोपी एके दिवशी म्हणतो, 'गुन्हा कबूल आहे साहेब.' हा पश्चात्ताप नव्हे. हा हिशेब आहे. दंड परवडतो, तारखा परवडत नाहीत. न्यायालयाच्या तक्त्यात एक प्रकरण निकाली निघाल्याची नोंद होते आणि सर्वांना हायसे वाटते. परंतु त्या कबुलीची नोंद त्या माणसाच्या नावावर कायमची चढते. पुढच्या खेपेस तो सराईत ठरतो, शिक्षा वाढते, तडीपारीचा प्रस्ताव तयार होतो, किंवा १९८१ च्या कायद्याखाली 'हातभट्टीवाला' म्हणून जिल्हाधिकाऱ्याच्या आदेशाने खटल्यावाचून त्याला वर्षभर स्थानबद्ध करता येते. दंडाधिकाऱ्याने कबुली नोंदविताना हे परिणाम तुला ठाऊक आहेत काय, तू वकिलाशी बोललास काय, एवढे विचारणे हा उपकार नाही. त्याशिवाय घेतलेली कबुली म्हणजे गरिबाकडून वसूल केलेली पावती होय.

ज्या स्त्रियांसाठी म्हणून ही बंदी आहे, त्यांचेही या गर्दीत काय होते ते पाहावे. नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध, घरातून हाकलून दिल्याविरुद्ध, पोटगीसाठी स्त्री जेथे धाव घेते ते न्यायालय हेच. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने अर्जाची पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत ठेवावी आणि साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे सांगितले आहे. हे तीन आणि साठ आकडे कोठे टिकतात? तिच्या अर्जावर फक्त दारूच्या प्रकरणांचा गठ्ठा नाही. १९८९ पासून न वटलेला धनादेश हा फौजदारी अपराध ठरला आणि बँकांच्या व सावकारी कंपन्यांच्या वसुलीचे काम दंडाधिकाऱ्याच्या दप्तरावर येऊन पडले. २०१९ च्या अखेरीस देशात अशी सुमारे पस्तीस लाख प्रकरणे तुंबली होती. धनकोच्या वसुलीसाठी सरकारी खर्चाने फौजदारी न्यायालय, आणि मार खाल्लेल्या बाईला 'पुढची तारीख', अशी ही व्यवस्था आहे. दारूड्या नवऱ्याला पकडल्याचे श्रेय राज्य घेते; त्याच्या बायकोच्या पोटगीचा प्रश्न आला की राज्याला वेळ नसतो.

'वेळ नाही' या सबबीची तपासणी

यावर नेहमीचे उत्तर ठरलेले आहे: दंडाधिकाऱ्यापुढे कामाचे डोंगर आहेत, तो तरी काय करणार? या उत्तरात तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. १९८७ साली विधी आयोगाने आपल्या १२० व्या अहवालात देशात दहा लाख लोकांमागे साडेदहा न्यायाधीश असल्याचे नोंदवून ती संख्या पाच वर्षांत पन्नासवर नेण्यास सांगितले होते. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच आकडा पुन्हा सांगितला. आज ती संख्या त्याच्या निम्म्यावरही पोहोचलेली नाही. महामार्गांसाठी कोट्यवधी रुपये तत्परतेने मिळतात. न्यायालयाच्या रिकाम्या जागा भरण्याची वेळ आली की तिजोरी आठवते. कनिष्ठ न्यायालय उपाशी ठेवणे हा निव्वळ दुर्लक्षाचा प्रकार नाही. ज्याला प्रश्न विचारायला वेळ नाही असा दंडाधिकारी, विचारले जाऊ नये असे वाटणाऱ्या प्रत्येक सरकारला सोयीचा असतो.

परंतु ही सबब एका ठिकाणी लंगडी पडते. जास्त खटले असल्याने खटल्याला उशीर लागेल, हे समजू शकते. पहिल्या हजेरीला पाच मिनिटे मिळू नयेत, हे त्यातून निष्पन्न होत नाही. ज्या न्यायाधीशाला माणूस कोठडीत पाठविण्यास वेळ आहे, त्याला कोठडीत का पाठवायचे हे विचारण्यासही वेळ असलाच पाहिजे. आणि जर खरोखरच नसेल, तर कायद्याचे म्हणणे उघड आहे: कारण नोंदविता येत नसेल, तर माणूस सोडून द्यावा. कामाच्या भाराचा तोटा आरोपीच्या नावे का मांडावा?

दुसरा आक्षेप असा की दंडाधिकारी अशी चौकशी करू लागला तर गुन्हेगार मोकाट सुटतील. हा आक्षेप घेणारांनी फेब्रुवारी २०२० मधील हिंगणघाटची घटना आठवावी. एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यावर जाळण्यात आले. या जिल्ह्याने तेव्हा संतापाने रस्ते भरले होते. आरोपीवर रीतसर खटला चालला आणि २०२२ च्या फेब्रुवारीत त्यास जन्मठेप झाली. आरोपीला वकील मिळाला, त्याची बाजू ऐकली गेली, म्हणून न्याय अडला नाही. उलट त्यामुळेच तो निर्णय भक्कम झाला. जो हक्क इतक्या घोर गुन्ह्यातील आरोपीला मिळतो, तो चार लिटर दारूच्या किंवा सायकलचोरीच्या आरोपीला मिळाल्याने आभाळ कोसळणार नाही.

उलट धोका दुसऱ्याच बाजूने वाढतो आहे. पूर्वी पोलीस कोठडीचे पंधरा दिवस अटकेनंतरच्या पहिल्या पंधरवड्यातच घ्यावे लागत. नव्या संहितेने ते पंधरा दिवस पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी मागण्याची मुभा पोलिसांना दिली आहे. म्हणजे कारागृहात गेलेल्या माणसाला पुन्हा पोलीस ठाण्यात ओढून नेण्याची टांगती तलवार आता कित्येक आठवडे राहणार. पोलिसांचे हात असे लांब झाले असताना दंडाधिकाऱ्याचा प्रश्न अधिक धारदार व्हायला हवा. तो मुका राहिला, तर त्याच्या सहीचे मोल पोलीस ठाण्याच्या शिक्क्याहून अधिक राहणार नाही.

काय व्हायला हवे

उपाय गूढ नाहीत. पहिल्या हजेरीच्या वेळी विधी सेवा प्राधिकरणाचा वकील न्यायालयात प्रत्यक्ष उपस्थित असावा आणि त्याला आरोपीशी एकांतात बोलता आल्यावाचून रिमांडचा अर्ज ऐकलाच जाऊ नये. विचारलेले प्रश्न आणि मिळालेली उत्तरे आदेशात मराठीत लिहिली जावीत. १९९८ पासून राज्यातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे, ती आरोपीला त्याचेच भवितव्य कळावे यासाठीच. ऐपतीचा दाखला मागण्यापूर्वी जातमुचलक्याचा विचार व्हावा. दारूबंदीच्या किरकोळ प्रकरणांसाठी निश्चित दिवस आणि मुदत ठरावी, तर मोठ्या पुरवठादारांच्या तपासाचा हिशेब पोलिसांनी जनतेपुढे ठेवावा. आणि पारित होऊन धूळ खात पडलेला २००८ चा ग्राम न्यायालय कायदा अमलात यावा. २ ऑक्टोबर २००९ रोजी, गांधी जयंतीचा मुहूर्त साधून, तो लागू झाला. न्यायाधिकाऱ्याने गावोगाव जाऊन न्यायालय भरवावे, अशी त्याची योजना आहे. अडीच हजार ग्राम न्यायालयांची कल्पना होती. प्रत्यक्षात उभी राहिली ती काहीशेच. गांधींच्या नावाने मुहूर्त साधायचा आणि गांधींच्या गावांना वाटेवर सोडायचे, हे राज्यकर्त्यांचे जुने कसब आहे.

परंतु सरकारने हे करावे म्हणून वाट पाहत बसणे हा कोणत्याही चळवळीचा मार्ग असू शकत नाही. फौजदारी न्यायालय हे कायद्यानेच खुले न्यायालय आहे. तेथे बसून कामकाज पाहण्याचा अधिकार कोणाही नागरिकाला आहे. त्यासाठी पदवी लागत नाही, पास लागत नाही. कामगार संघटनांचे कार्यकर्ते, महाविद्यालयांतील विद्यार्थी, महिला मंडळांच्या भगिनी यांनी आठवड्यातून एक दिवस जरी मागच्या बाकावर शांतपणे बसून, कोणाला काय विचारले गेले आणि काय विचारले गेले नाही, एवढेच वहीत टिपून घेतले, तरी त्या दालनातील हवा बदलेल. यात न्यायालयाचा अवमान नाही. हा न्यायालयाचा आदर आहे. प्रामाणिक दंडाधिकाऱ्याला त्यातून बळ मिळेल, आणि सवयीने सही करणाऱ्याचा हात क्षणभर थबकेल.

१९४२ च्या जुलैमध्ये वर्ध्यातच राष्ट्रीय सभेच्या कार्यकारिणीने इंग्रजांना चले जाव म्हणून बजावणारा ठराव केला, आणि महिन्याभराने याच जिल्ह्यातील आष्टीच्या माणसांनी त्या शब्दांसाठी छातीवर गोळ्या झेलल्या. पोलिसांच्या शब्दावर माणूस गजाआड जाणार नाही अशा राज्यासाठी ते लढले. ते राज्य आले आहे की नाही, याचा निवाडा विजयस्तंभांवरून होणार नाही. बोरगाव मेघेचा एखादा मजूर पोलिसांच्या गराड्यात न्यायालयात उभा राहतो, दंडाधिकारी कागदावरून नजर उचलून त्याच्याकडे पाहतो आणि विचारतो, 'तुला काही सांगायचे आहे का?' ज्या दिवशी हा प्रश्न प्रत्येकाला, दररोज, न चुकता विचारला जाईल आणि त्याचे उत्तर ऐकून घेतले जाईल, त्या दिवशी त्या मजुरापुरते तरी स्वराज्य आले असे म्हणता येईल.